विधिमंडळाचं अधिवेशन पहिल्यांदाच फॉलो करताय? आधी घड्याळ कोणाच्या हातात आहे ते बघा

टीव्हीवर अधिवेशन म्हणजे काय दिसतं, तर विधानभवनाच्या पायऱ्या, गळ्यात कांद्याच्या नाहीतर कापसाच्या माळा घातलेले आमदार, पाच मिनिटं घोषणा, मग प्रत्येकाचा एकेक बाइट आणि संपलं. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं की जो जास्त ओरडतो तो अधिवेशन गाजवतो. मग एकदा एका विधेयकासाठी म्हणून मुद्दाम गॅलरीचा पास मिळवून गेलो, मोबाइल बाहेर जमा केला, दोन तास बसलो, आमचं विधेयक काही येईना, म्हणून चहाला खाली उतरलो आणि परत वर येईपर्यंत विधेयक मंजूर होऊन पुढचं चालू झालेलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील. त्या दिवशी कळलं की आत काय बोलतात हे जितकं महत्त्वाचं तितकंच किंवा जास्तच महत्त्वाचं म्हणजे कुठला विषय कधी घ्यायचा आणि किती वेळ घ्यायचा हे कोण ठरवतं.

तर हे महाराष्ट्र विधिमंडळापुरतं, म्हणजे विधानसभा आणि विधान परिषद या दोन सभागृहांपुरतं लिहितोय, नवीन माणसाने अधिवेशन कसं बघावं, कुठून सुरुवात करावी.

पायरी १: अधिवेशन बोलावतं कोण ते समजून घ्या

आपल्याकडे वर्षात साधारण तीन अधिवेशनं. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्थसंकल्पी, जून-जुलैमध्ये पावसाळी, ही दोन मुंबईत, आणि डिसेंबरमध्ये हिवाळी नागपूरला. पण राज्यघटनेत "तीन" असं कुठंच लिहिलेलं नाहीये बरं का. कलम १७४ एवढंच म्हणतं की एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्याची पहिली बैठक यांच्यात सहा महिन्यांचं अंतर पडता कामा नये. म्हणजे सरकारने मनात आणलं तर दोन छोट्या अधिवेशनांवरही वर्ष ढकलता येईल. किती दिवस चालवायचं याचीही घटनेत काही सक्ती नाही. २०२१ चं पावसाळी अधिवेशन आठवा, कोविडचं कारण होतं, ५ आणि ६ जुलै, दोन दिवसात खेळ खलास.

कागदावर अधिवेशन राज्यपाल बोलावतात. प्रत्यक्षात तारीख मंत्रिमंडळ ठरवतं आणि राज्यपालांकडे पाठवतं. राज्यपालांनी मनाने तारीख पुढे-मागे केली तर काय होतं याचं उत्तर अरुणाचलच्या प्रकरणात मिळालं, तिथं १४ जानेवारी २०१६ ला ठरलेलं अधिवेशन राज्यपालांनी ओढून १६ डिसेंबर २०१५ वर आणलं होतं आणि जुलै २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं. त्यामुळे तारखेवरून कोणी राज्यपालांना दोष देत असेल तर आधी मंत्रिमंडळाने काय ठराव केला ते विचारा.

आणि दोन शब्द आत्ताच वेगळे करून ठेवा, पुढे सारखे लागतील. सभागृह तहकूब होतं म्हणजे थोड्या वेळापुरतं किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतं, ते अध्यक्ष करतात. अधिवेशन संस्थगित होतं म्हणजे ते सत्रच संपतं, तो आदेश राज्यपालांच्या सहीने निघतो. बातम्यांमध्ये दोन्हींची सर्रास भेळ केलेली असते.

पायरी २: कामकाज सल्लागार समितीची बातमी शोधा

अधिवेशनाच्या आदल्या संध्याकाळी मुख्यमंत्र्यांचं चहापान असतं आणि विरोधक त्यावर बहिष्कार घालतात. हे इतकं ठरलेलं आहे की विरोधक खरंच चहाला गेले तरच बातमी व्हावी. सगळे कॅमेरे तिकडेच. पण आपल्या कामाची बैठक वेगळीच असते, ती कामकाज सल्लागार समितीची. विधानसभेच्या समितीत अध्यक्ष, परिषदेच्या समितीत सभापती, आणि सोबत पक्षांचे नेते बसून ठरवतात की अधिवेशन किती दिवस, कुठल्या दिवशी काय, कुठल्या चर्चेला किती तास. त्या बैठकीनंतर जो दिवसवार कार्यक्रम निघतो तो डाउनलोड करून ठेवा, अधिवेशनभर तोच तुमचा नकाशा.

त्यात काय बघायचं? सुट्ट्या आणि शोकप्रस्तावाचा दिवस वजा करून खरे किती दिवस उरले ते मोजा. मग विधेयकं कुठे कोंबलीत ते बघा, शेवटच्या दोन दिवसात सात-आठ विधेयकं दिसली तर समजून जा की चर्चा होणार नाहीये. विरोधक बाहेर येऊन "अधिवेशन तीन आठवड्यांचं करा अशी आमची मागणी होती" म्हणतात ते याच बैठकीतलं भांडण असतं, आणि हे भांडण मला तरी पायऱ्यांवरच्या आंदोलनापेक्षा कितीतरी महत्त्वाचं वाटतं.

पायरी ३: छापील प्रश्नोत्तरं वाचायला शिका

इथे जरा जास्त वेळ थांबू, कारण सामान्य माणसाच्या हाताला लागण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे.

आमदार अधिवेशनाच्या बऱ्याच आधी प्रश्न पाठवतात. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री उभं राहून देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित म्हणजे फक्त लेखी उत्तर. अल्पसूचना म्हणजे तातडीचा. खात्यांना वार वाटून दिलेले असतात, त्यामुळे महसूलचा मंत्री रोज सापडत नाही. प्रश्नोत्तराचा तास तासभरच, त्यात मोजकेच प्रश्न तोंडी होतात, बाकीच्यांची उत्तरं छापील यादीत येतात आणि कोणी बघत नाही. तुम्ही तेच बघा.

प्रश्नाचा साचा असा असतो, हे उदाहरण मी बनवलंय पण भाषा अगदी हीच:

"(१) अमुक तालुक्यातील तमुक नदीवरील पुलाचे काम मुदत संपूनही अपूर्ण असल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

आणि उत्तर: "(१) हे अंशतः खरे आहे. (२) चौकशी सुरू आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो होतो. पण यात खरी माहिती असते. "होय, हे खरे आहे" आलं म्हणजे सरकारने सभागृहात कबूल केलं, ते कात्रण जपून ठेवा, पुढे माहिती अधिकारात, कोर्टात, कुठेही कामाला येतं. "अंशतः खरे" म्हणजे आकड्यात किंवा तारखेत कुठेतरी फरक आहे, तो फरक काय ते शोधायचं. "हे खरे नाही" आलं तर प्रश्नाची शब्दरचना परत वाचा, बऱ्याचदा आमदाराने पुलाच्या जागी चुकीचा रस्ता लिहिलेला असतो आणि खातं त्या एका शब्दावर सुटतं. आणि "प्रश्न उद्भवत नाही" याचा अर्थ एवढाच की तिसरा भाग "नसल्यास" ने सुरू होतो आणि चौकशी चालू आहे असं वर सांगून झालंय. पूल तीन वर्षं का रखडला याचं उत्तर त्यामुळे कुठेच येत नाही! म्हणून तुमच्या भागातला विषय आमदाराकडे द्यायचा असेल तर "विलंबाची कारणे काय" हा भाग "नसल्यास" च्या मागे लावू देऊ नका, स्वतंत्र विचारायला सांगा, आणि एकाच प्रश्नात पाच गावं कोंबू नका. एक काम, एक तारीख, एक आकडा.

लक्षवेधी सूचना याच्याच पुढची पायरी, विधानसभेत नियम १०५ खाली. तातडीच्या सार्वजनिक बाबीकडे मंत्र्याचं लक्ष वेधायचं, मंत्र्याचं निवेदन आधी वाटलेलं असतं, मग सदस्य उपप्रश्न विचारतात. गॅलरीत अधिकारी बसलेले असतात, मंत्री अडकला की वरून चिठ्ठी खाली येते, तो प्रवास बघण्यासारखा असतो. उत्तर अगदीच पोकळ असेल तर अध्यक्ष लक्षवेधी राखून ठेवतात, म्हणजे नीट माहिती घेऊन परत या. मंत्र्याला सगळ्यांसमोर गृहपाठ परत मिळाल्यासारखं ते असतं. इतक्या लक्षवेधी लागतात की हल्ली त्यांच्यासाठी सकाळी लवकर विशेष बैठक बोलावतात, तिथे बाकं बरीचशी रिकामी असतात पण कामाचं बोलणं तिथेच जास्त होतं असं माझं निरीक्षण.

पायरी ४: खुर्चीकडे बघा, बाकांकडे नंतर

विधानसभेत २८८ आमदार. गणपूर्तीला, म्हणजे बैठक चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एक दशांश, म्हणजे २९ पुरतात. परिषदेत ७८, तिथे १०. म्हणजे रिकामं सभागृह दिसलं तरी कामकाज कायदेशीर चालू असू शकतं, कोणी गणपूर्तीचा मुद्दा काढला की मग घंटा वाजते आणि कँटीनमधून लोक पळत येतात.

वर खुर्चीत नेहमी अध्यक्षच असतात असं नाही. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि तालिका अध्यक्ष, म्हणजे सदस्यांमधूनच नेमलेले काही जण आळीपाळीने बसतात. कोणाला बोलू द्यायचं, कोणाचा माइक चालू राहणार, औचित्याचा मुद्दा मान्य की नाही, कुठलं वाक्य कामकाजातून काढायचं, किती वेळ तहकूब करायचं, एखादं विधेयक धन विधेयक (फक्त कर आणि सरकारी पैशापुरतं) आहे की नाही, हे सगळं त्या खुर्चीकडे. म्हणूनच ती खुर्ची मिळवण्यासाठी एवढी मारामारी. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोलेंनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला, त्यानंतर जुलै २०२२ पर्यंत म्हणजे जवळपास दीड वर्ष महाराष्ट्राला विधानसभाध्यक्षच नव्हता, उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ गाडा ओढत होते. मधे डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने नियम बदलून गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाने निवड करायचं ठरवलं, निवडणुकीची तारीख मात्र राज्यपालांकडून यायची असते आणि ती काही आली नाही. मग सरकारच बदललं, ३ जुलै २०२२ ला निवडणूक झाली, शिरगणती करून, राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७. एका तारखेवर केवढं राजकारण अडकतं त्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

शिस्तीचं पण तसंच. आमदार वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरतात, राजदंड उचलायला जातात, मग निलंबनाचा ठराव येतो. जुलै २०२१ मध्ये भाजपच्या १२ आमदारांना एकदम वर्षभरासाठी निलंबित केलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्या चालू अधिवेशनापलीकडचं निलंबन बेकायदा आहे, कारण वर्षभर मतदारसंघाला प्रतिनिधीच नाही असं करता येणार नाही. कोर्ट सहसा सभागृहाच्या आतल्या कामकाजात पडत नाही, घटनेनेच तशी भिंत घातलीय, म्हणून हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा.

बाकांवर नियंत्रण असतं ते व्हिपचं. महत्त्वाच्या मतदानाला पक्षाचा प्रतोद आदेश काढतो, तो मोडला तर घटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे १९८५ मध्ये आलेल्या पक्षांतरबंदी कायद्याखाली, आमदारकी जाऊ शकते, आणि तो निर्णयही परत अध्यक्षांकडेच! शिवसेनेच्या प्रकरणात मे २०२३ मध्ये कोर्टाने हेही स्पष्ट केलं की प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळातल्या गटाचा नाही.

पायरी ५: बजेटच्या अधिवेशनात कुठल्या दिवशी जागं राहायचं

वर्षाचं पहिलं अधिवेशन राज्यपालांच्या अभिभाषणाने सुरू होतं. भाषण सरकारने लिहून दिलेलं असतं, राज्यपाल वाचतात. मार्च २०२२ मध्ये घोषणाबाजीत राज्यपाल कोश्यारी मिनिट-दोन मिनिटात भाषण आवरून निघून गेले होते. मग अभिभाषणावर आभाराचा प्रस्ताव, बजेटच्या आदल्या दिवशी आर्थिक पाहणी अहवाल, आणि मग बजेट. विधानसभेत अर्थमंत्री वाचतात, त्याच वेळी परिषदेत राज्यमंत्री वाचतात.

सगळे त्या भाषणाच्या दिवशी टीव्हीला चिकटतात, पण पैशाला मंजुरी नंतर मिळते. खात्यांच्या मागण्यांवर चर्चा, त्यावर मतदान, मग विनियोजन विधेयक, आणि हे सगळं ३१ मार्चच्या आत, नाहीतर १ एप्रिलला तिजोरीतून पैसा काढता येणार नाही. चर्चेसाठी दिवस ठरवून दिलेले, ते संपले की उरलेल्या सगळ्या खात्यांच्या मागण्या एका दमात मताला टाकतात, याला गिलोटिन म्हणतात. हजारो कोटींची खाती एक शब्द न बोलता पास होतात ती अशी. कार्यक्रमपत्रिकेत तुमच्या आवडीचं खातं शेवटच्या दिवशी असेल तर फार आशा ठेवू नका.

लोकसभा निवडणुकीच्या वर्षी हे सगळं वेळापत्रक वाकतं. २०२४ मध्ये २७ फेब्रुवारीला अंतरिम बजेट आणि लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांपुरता खर्च, आणि पूर्ण बजेट २८ जूनला, लाडकी बहीण योजना त्यात जाहीर झाली. वर प्रत्येक अधिवेशनात पुरवणी मागण्या येतातच, बजेटमध्ये न बसलेला किंवा कमी पडलेला खर्च. मी कुठलीही पुरवणी मागण्यांची पुस्तिका आली की आधी तीच उघडतो, सरकारला मधल्या काळात खरंच कशाची घाई झाली ते तिथे दिसतं.

पायरी ६: विधेयक चुकवू नका (माझ्यासारखं)

विधेयक आधी मांडलं जातं, मराठीत पुर:स्थापित. मग "विचारात घ्यावे", मग खंडशः, मग संमत. अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, "होयचे बहुमत, होयचे बहुमत", झालं. गोंधळात तर हे इतक्या भराभर होतं की विधेयकाचा नंबर लिहून घेईपर्यंत पुढचा नंबर येतो. कोणी मतविभागणी मागितली तरच डोकी मोजतात.

थांबायची जागा म्हणजे संयुक्त समिती, दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची. महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडलं, समितीकडे गेलं, डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालं. विशेष जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी समितीने लोकांकडून सूचना मागवल्या आणि १२ हजारांहून जास्त आल्या, ते जुलै २०२५ मध्ये मंजूर झालं. तेव्हा "समितीकडे पाठवलं" असं ऐकलं की कंटाळा करू नका, आपल्यासारख्यांना लेखी काहीतरी पाठवता येण्याची खिडकी तिथेच उघडते आणि फार दिवस उघडी नसते.

परिषद विधेयक अडवून धरू शकते पण पाडू शकत नाही, पहिल्यांदा तीन महिने, विधानसभेने परत पाठवलं तर एक महिना. धन विधेयक तर १४ दिवसच. आणि अधिवेशन नसताना काढलेले अध्यादेश पहिल्या दिवशी पटलावर येतात, सभागृह परत भरल्यापासून सहा आठवड्यात कायदा केला नाही तर ते गळून पडतात. म्हणून पहिल्याच दिवशी "अध्यादेशाचे रूपांतर करणारी" विधेयकं रांगेत दिसतात.

पायरी ७: विरोधकांची हत्यारं

विधानसभेत नियम २९३ चा प्रस्ताव आणि परिषदेत २६० चा, या लांब चर्चा, शेतकरी, कायदा-सुव्यवस्था वगैरे. अंतिम आठवडा प्रस्ताव हा विरोधकांचा हक्काचा, त्याला मुख्यमंत्री बहुतेक स्वतः उत्तर देतात, तेवढं एक भाषण बघाच. स्थगन प्रस्ताव, म्हणजे ठरलेलं काम थांबवून तातडीचा विषय घ्या असं म्हणणारा, जवळजवळ दरवेळी नाकारला जातो पण तो मांडताना चार वाक्यं बोलून घेता येतात, खरा हेतू तोच. २०२४ च्या निवडणुकीनंतर कुठल्याही विरोधी पक्षाकडे २९ आमदार, म्हणजे सभागृहाचा एक दशांश, नव्हते, त्यामुळे विरोधी पक्षनेता द्यायचा की नाही हाच वाद सुरू झाला, आणि तो निर्णयही, हो, परत त्याच खुर्चीकडे.

नागपूरबद्दल थोडं

हिवाळी अधिवेशन नागपूरला होतं त्याचं मूळ विदर्भाला महाराष्ट्रात घेताना झालेल्या १९५३ च्या नागपूर करारात आहे. २०२० आणि २०२१ चं मात्र मुंबईतच झालं, २०२२ ला परत नागपूर. तिथे मोर्चे जास्त, कारण विदर्भातल्या माणसाला सरकार हाताशी मिळतं ते तेवढेच दिवस. मोर्चे विधानभवनाच्या अलीकडेच ठरलेल्या जागी अडवतात आणि मंत्री तिथे येऊन निवेदन घेतो किंवा शिष्टमंडळाला आत बोलावतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली, त्यात बायका-मुलं कितीतरी होती. नागपूरला गेलात तर शहीद गोवारी स्मारकापाशी थांबा.

पायरी ८: अधिवेशन संपल्यावर खरं काम

शेवटच्या दिवशी अध्यक्ष किती बैठका झाल्या, किती तास काम झालं, किती वेळ वाया गेला असे आकडे वाचून दाखवतात आणि पुढच्या अधिवेशनाची तारीख सांगतात. ते आकडे टिपून घ्या, वर्षावर्षाची तुलना करायला बरे पडतात.

मग आठवडाभराने शांतपणे बसा. विधिमंडळाच्या वेबसाइटवर कामकाज चढतं, यूट्यूबवर रेकॉर्डिंग असतंच. मंत्र्याने उत्तरात "तपासून कारवाई केली जाईल", "तीन महिन्यात अहवाल मागवू", "अधिवेशन संपायच्या आत बैठक घेऊ" असं जे जे म्हटलं असेल ते तारखेसकट वहीत लिहा. अशा वाक्यांसाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे, आणि ती खात्याला बोलावून विचारू शकते की दिलेला शब्द पाळला का. मी एका रस्त्याच्या लक्षवेधीचं उत्तर असंच लिहून ठेवलं होतं, आमच्या भागातल्या आमदारांच्या पीएकडे मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ते वाक्य, तारीख आणि व्हिडिओतली वेळ पाठवली. पहिला रिप्लाय आला तो फक्त अंगठा. पुढच्या अधिवेशनाच्या यादीत मात्र तो प्रश्न होता, तारांकित, आणि विलंबाच्या कारणांचा भाग यावेळी स्वतंत्र छापलेला.